प्रशिक्षक पॅकियाओ आणि छातीवर महिंद्रा: फिलिपाइन्सच्या पीबीएतला २०१५-१६ चा हंगाम

दर्यावर्दी

क्रिकेट सोडून इतर खेळांवर इथे फारसं लिहिलं जात नाही, म्हणून हा धागा. मी बोटीवर इंजिनरूममध्ये असतो. निम्म्याहून अधिक खलाशी फिलिपिनो असले की जेवणाच्या टेबलावर दोनच विषय निघतात: घरी पाठवायचे पैसे आणि बास्केटबॉल. माझं बास्केटबॉलचं ज्ञान याच मेसमधलं आहे.

फिलिपाइन्सची पीबीए ही आशियातली पहिली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. १९७५ साली सुरू झाली. मनिला महानगरातल्या अरानेता कॉलिझियममध्ये एप्रिलमध्ये पहिले सामने झाले आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला त्याच इमारतीत अली-फ्रेझर यांची ती गाजलेली मुष्टियुद्धाची लढत झाली. इथले संघ शहरांचे नसतात, कंपन्यांचे असतात. सॅन मिगेल म्हणजे बिअर, हिनेब्रा म्हणजे जिन, अलास्का (हा संघ २०२२ पर्यंत होता) म्हणजे दूध, रेन ऑर शाइन म्हणजे रंग, मेराल्को म्हणजे वीज. आणि २०१५-१६ मध्ये या यादीत एक नाव होतं महिंद्रा एन्फोर्सर. होय, तीच महिंद्रा.

संघ मुळात कोलंबियन ऑटोकार या मोटारविक्री कंपनीचा. २०१४ मध्ये तो किया या नावाने लीगमध्ये आला. कंपनीला ज्या गाडीचा गाजावाजा करायचा असेल ते नाव संघाला मिळे. आधी किया सोरेंतो, मग किया कार्निव्हल, २०१५ मध्ये महिंद्रा एन्फोर्सर, पुढच्या वर्षी महिंद्रा फ्लडबस्टर. खेळाडूंनी तेवढ्या काळात किती जर्सी बदलल्या असतील!

प्रशिक्षक होता मुष्टियुद्धातला जगज्जेता मॅनी पॅकियाओ. नुसता प्रशिक्षक नाही, खेळाडूही. २०१४ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, कियाने त्याला अकराव्या क्रमांकावर घेतलं तेव्हा तो ३५ वर्षांचा होता. इतक्या वयाचा नवखा लीगने तोवर घेतला नव्हता. उंची साडेपाच फूट. शिवाय तेव्हा तो सारांगानी प्रांताचा खासदार होता, आणि मुष्टियुद्ध चालूच होतं.

लोक या हंगामाची आठवण काढतात ती पॅकियाओमुळे. माझं मत वेगळं आहे. त्या वर्षीची सगळ्यात मोठी गोष्ट पहिला चेंडू उडायच्या आधीच घडून गेली होती आणि तिच्यात पॅकियाओचा ठोसा नव्हता की पास. ती पुढच्या प्रतिसादात सांगतो, आत्ता वॉच (बोटीवरची पाळी) सुरू होतेय.

टिचकी

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. कोचने हाफटाइमला खेळाडूंना बदडलं का, तेवढं आधी सांगा.

खडूस पुणेरी

धागा वाचनीय, पण एक शंका. खासदार, मुष्टियोद्धा, प्रशिक्षक, खेळाडू. एवढं सगळं एक माणूस करतो म्हणजे त्यातलं निदान एक काम दुसराच कोणीतरी करत असणार.

हूपवेडा

खडूस, बरोबर ओळखलंत. सराव घेणं, डाव आखणं, वेळ कधी मागायचा, खेळाडू कधी बदलायचे हे सगळं चितो व्हिक्तोलेरो बघायचा. कागदावर तो सहायक. पॅकियाओ बाकावर असला तर बातमी व्हायची आणि नसला तर सामना नेहमीसारखा व्हायचा.

खेळाडू म्हणूनही तो मोजकेच सामने खेळला, तेही काही मिनिटांपुरते. पहिला सामना १९ ऑक्टोबर २०१४ चा, बुलाकानमधल्या फिलिपाइन अरेनात. बावन्न हजारांवर प्रेक्षक. किया जिंकली, पॅकियाओचा गुण शून्य. पुढे फेब्रुवारी २०१५ मध्ये कियाने प्युअरफूड्सला हरवलं. प्युअरफूड्सचा परदेशी खेळाडू डॅनियल ऑर्टन, अमेरिकेच्या एनबीए लीगमध्ये खेळून आलेला. सामन्यानंतर पॅकियाओचं खेळणं ही थट्टा आहे अशा अर्थाचं तो काहीतरी बोलला. लीगने अडीच लाख पेसोंचा दंड ठोकला आणि संघाने त्याला घरी पाठवलं. टिचकी, ठोसा न मारता नॉकआउट म्हणतात तो हा.

पण ऑर्टन बोलला त्यात चुकीचं काय होतं, हे अजून मला कोणी पटवून दिलेलं नाही.

दावाओ डायरी

मी फिलिपाइन्समध्येच, दावाओला एमबीबीएस करते. वर्गात महाराष्ट्रातली मुलं बरीच आहेत, त्यामुळे इथे मराठी बोलायला माणूस शोधावा लागत नाही.

हूपवेडा, तुमचं म्हणणं खेळाच्या हिशेबाने बरोबर असेल, पण इथे दक्षिणेच्या मिंडानाओ बेटावर राहून ते तसं दिसत नाही. जनरल सांतोस शहर इथून बसने काही तासांवर आहे, पॅकियाओ तिथला. प्रत्येक बारांगायमध्ये, म्हणजे आपल्याकडच्या वॉर्डात म्हणा, पत्र्याचं छप्पर असलेलं बास्केटबॉलचं मैदान असतंच. त्याच मैदानात लसीकरण होतं, लग्नाचं जेवण होतं, पूर आला की लोक तिथेच मुक्कामाला येतात. संध्याकाळी पोरं स्लिपर घालून खेळतात आणि साडेपाच फुटी माणूसही स्वतःला गार्ड, म्हणजे चेंडू खेळवणारा, समजतो. त्यांच्यातला एक गडी जगज्जेता होऊन परत येतो आणि म्हणतो, मला आता हेही खेळायचंय. इथल्या कुणालाही त्यात थट्टा वाटली नाही. प्रत्येकाने तेच केलं असतं.

खडूस पुणेरी

ताई, प्रत्येकाने केलं असतं हे मान्य. प्रत्येकाला ड्राफ्टमध्ये अकरावा नंबर मिळाला नसता, एवढंच.

नाशिकचा फिटर

मला गाडीबद्दल बोलू द्या. एन्फोर्सर म्हणजे दिसायला आपली बोलेरो पिकअपच. फिलिपाइन्सच्या पोलिसांनी २०१५ च्या सुमारास या जीप गस्तीसाठी मोठ्या संख्येने घेतल्या. फ्लडबस्टर म्हणजे पुराच्या पाण्यातून जाईल अशी आवृत्ती, वर नळकांडं असलेली. मनिलात पाणी किती तुंबतं हे दर्यावर्दी सांगतीलच. बोलेरो म्हटलं की आम्हा नाशिककरांची कॉलर ताठ होते, पण तिच्या नावाने बास्केटबॉलचा संघ होता हे आज कळलं. युनियनच्या व्हॉट्सॲपवर टाकतो.

दर्यावर्दी

वॉच संपली. आता ती गोष्ट.

२०१५ च्या ड्राफ्टमध्ये महिंद्राला दुसरा क्रमांक मिळाला होता. तळाच्या संघाला चांगला नवा खेळाडू मिळावा आणि हळूहळू लीग समतोल व्हावी, यासाठीच ही पद्धत. महिंद्राने ट्रॉय रोझारियोला निवडलं. उंच, बाहेरूनही नेम असलेला, राष्ट्रीय संघाच्या वर्तुळातला पोरगा. दहा वर्षं ज्याच्याभोवती संघ बांधावा असा.

त्याने महिंद्राची जर्सी घालून एकही सामना खेळला नाही. तीन संघांमध्ये सौदा झाला, एनएलईएक्स हा संघ मधे होता, आणि रोझारियो टीएनटी या संघाकडे गेला. महिंद्राच्या पदरात आले अल्ड्रेक रामोस, नीन्यो कनालेटा अशी अनुभवी मंडळी. त्यावर बराच गदारोळ झाला.

आता कोण कोणाचं हे बघा. टीएनटी, एनएलईएक्स आणि मेराल्को हे तिन्ही मॅन्युएल पांगिलिनान यांच्या उद्योगसमूहातले. दुसऱ्या बाजूला सॅन मिगेल, हिनेब्रा आणि तेव्हा स्टार म्हणून खेळणारा संघ हे तिन्ही सॅन मिगेल समूहाचे. म्हणजे बारापैकी सहा संघ दोन घरांचे. बाकीच्यांनी या दोन घरांच्या मधे जागा शोधायची.

आमचा बोसन, म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम, कट्टर हिनेब्रावाला. तो महिंद्राचं नाव निघालं की फक्त हसायचा.

हूपवेडा

इथेच माझं तुमच्याशी जमत नाही. रोझारियो चांगला होता, पण एकट्याने महिंद्राचं काय झालं असतं? आदल्या वर्षी नव्याने आलेला संघ, बहुतेक खेळाडू इतरांनी सोडलेले. त्यांना रोजच्या सामन्यात उभे राहणारे आठ-नऊ जण हवे होते. एका हिऱ्याच्या बदल्यात धडधाकट, अनुभवी गडी मिळाले. याला मी विकणं म्हणत नाही.

आणि हंगाम बघा ना. पीबीएच्या त्या हंगामात तीन स्पर्धा होत्या. पहिली फिलिपाइन कप, तिच्यात परदेशी खेळाडू नाहीत. दुसरी कमिशनर्स कप, तिसरी गव्हर्नर्स कप, या दोन्हींत परदेशी खेळाडू चालायचे. बारा संघांत आठ-दहा जण बाद फेरीत जातात, म्हणजे बाहेर राहायला खरोखर कष्ट घ्यावे लागतात. महिंद्राने फिलिपाइन कपमध्ये ते घेतले. मेराल्को आणि महिंद्रा, दोघेच बाहेर. कमिशनर्स कपमध्येही महिंद्राचं तेच नशीब.

मग गव्हर्नर्स कपला जेम्स व्हाइट आला. सहा फूट सात इंच, एनबीएतल्या स्पर्स, रॉकेट्स आणि निक्सकडून खेळून आलेला, २०१३ च्या एनबीए डंक स्पर्धेतला, म्हणजे उंच उडून चेंडू बास्केटमध्ये कोंबायच्या स्पर्धेतला गडी. वय तेहतीस, पण उडी पंचविशीतली. त्याच्यासोबत एलए रेव्हिला हा छोटेखानी गार्ड, बास्केटखाली रामोस, अंगावर घेऊन खेळायला मार्क यी. आणि महिंद्रा बाद फेरीत पोचली. संघाच्या जन्मापासून पहिल्यांदाच. त्यातला रामोस कुठून आला होता? तुम्ही ज्याला नावं ठेवताय त्या सौद्यातून.

दर्यावर्दी

हूपवेडा, रामोसचा मुद्दा मान्य. पण व्हाइट विमानात बसून परत गेला आणि रामोस-कनालेटा तेव्हाच अनुभवी होते, म्हणजे उतरणीला लागायला किती वेळ? एका स्पर्धेचं समाधान मिळालं, दहा वर्षांचा पाया गेला.

टिचकी

पण कोच? तो निवडणूक लढवत होता ना तेव्हा?

दावाओ डायरी

हो, तोच तर सगळा गोंधळ. फेब्रुवारी २०१६ मध्ये समलिंगी जोडप्यांबद्दल तो फार वाईट बोलला, नंतर माफी मागितली, पण नायकेने करार तोडला. ९ एप्रिलला लास व्हेगासमध्ये टिमोथी ब्रॅडलीला हरवून निवृत्ती जाहीर केली. ९ मेला मतदान, एक कोटी साठ लाखांवर मतं, आणि तो सिनेटर. निवृत्ती टिकली नाहीच, नोव्हेंबरमध्ये जेसी व्हार्गासशी लढला. या सगळ्या वेळात कागदावर तो महिंद्राचा प्रशिक्षकही होताच.

आमची घरमालकीण त्याची मोठी चाहती. तिला विचारलं, त्या वर्षी त्याचा संघ कितवा आला? तिला ठाऊकच नव्हतं. मेंगलेली मला बघून म्हणाली, त्याचा संघ होता होय!

खडूस पुणेरी

"मेंगलेली" कशाला ताई, "गोंधळलेली" म्हणा की. बाकी किस्सा उत्तम. आणि दर्यावर्दींचा मुद्दा यातून सिद्धच होतो: प्रशिक्षक एवढा मोठा की संघ दिसेनासा झाला. सौदा झाल्यावर जो आरडाओरडा एरवी महिनाभर चालला असता, तो कोचच्या पुढच्या बातमीखाली गाडला गेला.

दावाओ डायरी

टायपो होता हो काका. घाईत मोबाईलवरून लिहिते.

नाशिकचा फिटर

मला एक इस्कटून सांगा. कंपनीचे संघ म्हणजे आपल्या कबड्डीतल्या व्यावसायिक गटासारखंच ना? महिंद्राचा कबड्डी संघ आमच्या लहानपणी जबरदस्त. आणि मुंबईत महिंद्रा युनायटेड फुटबॉल, २००५-०६ ला राष्ट्रीय लीग जिंकले, २०१० ला कंपनीने संघच बंद केला. काका अजून हळहळतात.

हूपवेडा

फिटरभाऊ, मूळ तेच. पीबीएच्या आधी तिथे मिका नावाची कंपन्यांची हौशी लीग होती, तिच्यातून नऊ संघ फुटून १९७५ ला पीबीए झाली. फरक एवढाच की आपल्याकडे खेळाडूला नोकरी असते, खेळ संपला की टेबल-खुर्ची मिळते. तिथे करार. त्या काळात पगाराची कमाल मर्यादा महिन्याला ४ लाख २० हजार पेसो होती आणि ती सगळ्या संघांना सारखी. पण कमाल पगार सारखा असला तरी समूहाच्या इतर कंपन्यांच्या जाहिराती, नंतरची नोकरी, हे सारखं नसतं. सॅन मिगेलकडे जायला खेळाडू का उत्सुक असतात हे सांगायला नको.

आणि बंद होण्याचं म्हणाल तर त्याच हंगामात, जानेवारी २०१६ मध्ये, बराको बुल हा एनर्जी ड्रिंकच्या नावाचा संघ मालकांनी विकून टाकला. पुढच्या स्पर्धेत तीच माणसं फिनिक्स या पेट्रोल कंपनीच्या नावाने उतरली.

टिचकी

म्हणजे एका हंगामात गाडीचा कोच सिनेटर झाला आणि एनर्जी ड्रिंकचं पेट्रोल झालं.

दर्यावर्दी

टिचकी, यापेक्षा मोठंही घडलं त्या हंगामात. फिलिपाइन कपच्या अंतिम मालिकेत सातपैकी पहिले तीन सामने अलास्काने जिंकले. सॅन मिगेलचा सहा फूट दहा इंची जून मार फहार्दो उपांत्य फेरीत गुडघा दुखावून बसलेला. चौथा सामना सॅन मिगेलने त्याच्याविना अतिरिक्त वेळेत काढला. पाचव्याला तो बाकावरून उठून आला, पुन्हा अतिरिक्त वेळ, पुन्हा सॅन मिगेल. सहावा, सातवा. ३ फेब्रुवारी २०१६ ला ४-३. शून्य-तीनवरून जेतेपद पीबीएत कोणी मिळवलं नव्हतं, एनबीएत आजवर कुठल्याच संघाला अशी मालिका फिरवता आलेली नाही. बिअर आणि मिरॅकल जोडून लोकांनी त्याला बीरॅकल नाव ठेवलं. अलास्का पुढच्या स्पर्धेतही अंतिम फेरीत आली आणि रेन ऑर शाइनकडून हरली. शेवटी ऑक्टोबरमध्ये हिनेब्राने आठ वर्षांचा दुष्काळ संपवला, जस्टिन ब्राउनलीने शेवटच्या क्षणी तीन गुणांचा फेक टाकून. बोसनने त्या रात्री आख्ख्या मेसला आइस्क्रीम दिलं.

यात महिंद्राची आठवण कोण ठेवणार? तरी मला तोच संघ जास्त रंजक वाटतो. फहार्दो असला की सॅन मिगेल जिंकते, यात कळायचं काय आहे?

हूपवेडा

फहार्दोशिवाय जिंकलेला चौथा सामनाच त्या मालिकेचा कणा होता, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय. वेगळा धागा काढाच.

गव्हर्नर्स कपचा शेवट सांगायचा राहिला. उपउपांत्य फेरीत महिंद्रासमोर कोण आलं? मेराल्को. ऑक्टोबर-डिसेंबरात दोघे तळाला एकत्र बसलेले, आता दोघे बाद फेरीत. मेराल्को वरच्या क्रमांकाची, म्हणून तिला एक पराभव चालणार होता, महिंद्राला दोनदा जिंकावं लागणार होतं. मेराल्को जिंकली आणि थेट अंतिम फेरीपर्यंत गेली, ब्राउनलीचा तो फेक तिच्याच डोक्यावरून गेला. यावरून मी एवढंच म्हणेन की वर्षभरात तळापासून वर येणं शक्य होतं. मेराल्कोने करून दाखवलं.

खडूस पुणेरी

मेराल्को कोणाच्या घरची? पांगिलिनान. वर दर्यावर्दींनी लिहिलंय. तुम्हीच दुसऱ्या बाजूचा पुरावा दिलात.

हूपवेडा

मान्य, तो गोल माझ्याच जाळ्यात. पण घराणं असूनही मेराल्को फिलिपाइन कपमध्ये तळाला होतीच, हे विसरू नका. पैसा असला म्हणजे दरवेळी बास्केट पडतेच असं नाही.

दावाओ डायरी

मग पुढे काय झालं संघाचं? महिंद्रा अजून आहे?

दर्यावर्दी

नाव नाही. फ्लडबस्टरनंतर पुन्हा किया, मग कोलंबियन डिप, आता टेराफर्मा डिप. डिप म्हणजे तिथली जीपनी, प्रवासी वाहतुकीची लांबट जीप.

आणि हूपवेडा, माझा मुद्दा एका सौद्यावर उभा नाही. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये याच संघाकडे पहिला क्रमांक होता. क्रिस्टियन स्टँडहार्डिंगर सगळ्यांना दिसत होता. संघाने तो क्रमांकच सॅन मिगेलला देऊन टाकला, बदल्यात बाकावरचे खेळाडू आणि पुढचा एक ड्राफ्ट क्रमांक. त्यावरून लीगच्या संचालकांत दोन तट पडले आणि आयुक्त चितो नार्वासा यांना जावं लागलं. २०१८ ला पहिल्या क्रमांकावर सीजे पेरेझ घेतला, चांगला खेळला, २०२१ मध्ये तोही सॅन मिगेलला. चाहते अशा संघाला दुसऱ्यांची रोपवाटिका म्हणतात. मला विचाराल तर रोपवाटिकेचं पहिलं रोप रोझारियो, आणि ते महिंद्राच्या नावाखाली उपटलं गेलं.

हूपवेडा

स्टँडहार्डिंगर आणि पेरेझचं समर्थन मीही करणार नाही. त्या सौद्यांत परत काही आलंच नाही म्हणावं असं. रोझारियोच्या बदल्यात निदान एक बाद फेरी आली. माझी रेघ तिथे आहे, तुमची अलीकडे.

खडूस पुणेरी

आणि तो खरा कोच? व्हिक्तोलेरो?

हूपवेडा

गव्हर्नर्स कप संपला त्याच ऑक्टोबरात स्टारने त्याला उचललं. म्हणजे खेळाडूच नाही, प्रशिक्षकही वरच्या घरी. महिंद्राचं काम ख्रिस गाविनाकडे आलं. स्टारचं पुढे मॅग्नोलिया झालं आणि व्हिक्तोलेरोने त्यांना २०१८ चा गव्हर्नर्स कप जिंकून दिला, अंतिम फेरीत अलास्काला हरवून.

पॅकियाओने मात्र बास्केटबॉल सोडलं नाही. स्वतःची लीगच काढली, एमपीबीएल. तिच्यात संघ कंपन्यांचे नाहीत, गावांचे आणि प्रांतांचे आहेत.

दावाओ डायरी

तिचे सामने आमच्या इथेही दाखवतात. मैत्रिणी तेच बघतात, पीबीए नाही. आपल्या गावाचं नाव जर्सीवर असलं की मजा वेगळी.

दर्यावर्दी

हूपवेडा, व्हिक्तोलेरोवरून आठवलं. २०२१ चा फिलिपाइन कप, अंतिम फेरी. कोविडमुळे सामने पाम्पांगातल्या बाकोलोरला एका विद्यापीठात. एका बाकावर मॅग्नोलियाचा व्हिक्तोलेरो. समोर टीएनटी, आणि त्यांच्याकडून ट्रॉय रोझारियो. टीएनटी ४-१ ने जिंकली. दोघेही कधीकाळी महिंद्राचे होते, हे समालोचकांनी सांगितलं असेल तर मी ऐकलं नाही, कारण आमचं नेट तिसऱ्या क्वार्टरला गेलं होतं.

त्या वर्षी टेराफर्मा कितवी आली ते बोसनला विचारलं. तो हसला.